मोतीबिंदूच्या तपासणीतच कानही तपासावेत का?

नेत्रपल्लवी
साठीपुढचा माणूस मोतीबिंदूसाठी किंवा एएमडीसाठी (मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग वयोमानाने झिजणं) डोळ्यांच्या ओपीडीत आला, की त्याच भेटीत त्याचे कान तपासलेच पाहिजेत, असं माझं म्हणणं आहे. सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स भागात १९९०च्या दशकात सुरू झालेल्या अभ्यासात योग्य चष्म्यानिशी मोजलेली नजर तक्त्यावर एका ओळीने कमी असली, की कमी ऐकू येण्याचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी जास्त दिसलं. मोतीबिंदू आणि एएमडी, दोन्हींचा बहिरेपणाशी संबंध तिथे आढळला.

म्हातारपणी आधी जातात ते वरच्या पट्टीचे आवाज. अ, आ, ओ ऐकू येतात; स, श, फ, थ निसटतात. ‘साठ’चं ‘आठ’ होतं. म्हणून माणूस ‘ऐकू येत नाही’ म्हणत नाही, ‘हल्ली सगळे पुटपुटतात’ म्हणतो. निसटलेली अक्षरं तो ओठ बघून भरून काढत असतो. मॅक्युला गेला की नेमका समोरचा चेहराच धूसर होतो. मग उरतं काय?

शंकासूर
ओठांचा मुद्दा मान्य. १८ टक्क्यांचा नाही. ती एका वेळची मोजणी आहे, त्यातून आधी काय बिघडलं हे कळत नाही. वयाचा हिशेब वजा केला तरी धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब, उन्हात आणि गोंगाटात गेलेलं आयुष्य हे सगळं थोडं थोडं शिल्लक राहतंच. मोतीबिंदूत भिंगातली प्रथिनं गोळा होऊन ते गढूळ होतं. कानात शंखाकृती कॉक्लियातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मरतात. या दोन ऊतींचा एकमेकांशी संबंध काय? भिंग बदललं म्हणून ऐकू यायला लागत नाही. तरीही उद्या कुणीतरी ‘डोळे-कान पॅकेज’ विकायला बसेल, ही माझी खरी भीती.

रंगद्रव्य
मोतीबिंदूबाबत शंकासूर यांच्याशी सहमत. एएमडीबाबत नाही. पडद्यामागचा रंगद्रव्याचा थर आणि कॉक्लियाच्या भिंतीतला स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस या दोन्हींत मेलॅनिन हे रंगद्रव्य असतं. दोन्ही ठिकाणी चयापचय प्रचंड आणि बारीक रक्तवाहिन्यांवर पूर्ण भिस्त. प्रकाशपेशी काय, केसपेशी काय, माणसात एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाघराच्या) डीएनएतल्या ३२४३ क्रमांकाच्या जागी एक अक्षर बदललं की आईकडून मुलांकडे मधुमेह आणि बहिरेपणा जातो आणि बऱ्याच जणांत मॅक्युलाही खराब होतो. हा आजार दुर्मीळ आहे, त्यावरून सगळ्या म्हाताऱ्यांचं निदान करता येत नाही. पण ऊर्जेचा एकच बिघाड दोन्हीकडे मारा करू शकतो, एवढं त्यातून कळतं.

जाता जाता: एएमडीसाठीच्या ल्युटिन-झिंकच्या गोळ्या कानासाठी घेऊ नका. तसा फायदा सिद्ध झालेला नाही.

खालची आळी
पेशींचं राहू द्या. तपासून पुढे काय, ते सांगा. दिव्यांगत्वाच्या दाखल्याला २०१६च्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलचा तोटा लागतो. चाळणीत सापडणारे बहुतेक ३५ ते ५० डेसिबलचे. त्यांना दाखला नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्यांना उत्पन्नाच्या अटीवर एकदाच ३,००० रुपये मिळतात, आणि त्यात चष्मा, काठी, कानाचं मशीन सगळं आलं. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत मशीन मिळतं, पण ते शिबिरात. मशीन बसवून तीन आठवड्यांनी आवाज पुन्हा जुळवायला कोण येणार? मग ते कपाटात जातं. उपचाराची सोय नसताना चाळणी लावणं म्हणजे माणसाच्या डोक्यावर आणखी एक आजार ठेवून घरी पाठवणं.

कानोसा
‘सापडलेले सगळे मशीनवाले’ हे गृहीतकच चूक आहे. कित्येकांच्या कानात फक्त मळ असतो. पाच दिवस मळ मऊ करणारे थेंब, मग ईएनटीकडे साफसफाई. कानाच्या पडद्याला भोक असेल किंवा कान वाहत असेल तर थेंबही नकोत आणि पिचकारीही नको, म्हणून आधी ऑटोस्कोपने (कानात बघायच्या दुर्बिणीने) बघायचं.

चाचणीला यंत्र लागत नाही. रुग्णाच्या मागे हातभर, साधारण ६० सेंटिमीटरवर उभं राहा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. ज्याची चाचणी चालू नाही त्या कानाच्या तोंडाशी असलेला उंचवटा बोटाने दाबून गोल चोळत राहा. पूर्ण श्वास सोडून मग कुजबुजा: ‘४, क, ७’. तिन्ही बरोबर आले तर पास. चुकलं तर नवा संच. दोन्ही मिळून सहापैकी तीन बरोबर आले तरी पास. प्रत्येक कानाला निराळे संच घ्या.

बिघडतं कुठे? श्वास न सोडता कुजबुजलं की आवाज मोठा येतो आणि सगळे पास होतात. डोक्यावर पंखा आणि बाहेर नंबर पुकारणारा असला की सगळे नापास. नापास म्हणजे बहिरा नव्हे. ऑडिओमेट्री (यंत्राने ऐकण्याची मोजणी) करायची, एवढाच त्याचा अर्थ.

आणि एएमडीवाल्याला मशीन देताना कानात दडणारं छोटंसं देऊ नका. त्याची १० नंबरची बॅटरी त्याला दिसतच नाही. कानामागचं, कानाच्या मापाच्या साच्याचं, चार्जिंगवालं द्या. साचा चाचपून बसवता येतो. उजवं लाल, डावं निळं ही खूणही त्याच्या कामाची नाही. उजव्यावर नेलपॉलिशचा उंच ठिपका द्या, बोटाला कळतो. ज्या मशीनचा स्पीकर कानाच्या आत असतो त्यात मळ अडवणारी जाळी बुजते, आवाज बंद होतो आणि घरचे ‘मशीन गेलं’ म्हणून मोकळे होतात.

शंकासूर
चाचणी स्वस्त आहे, ठीक. पण ‘स्मृतिभ्रंश टळेल’ हे आमिष दाखवू नका. स्मृतिभ्रंशावरच्या २०२४च्या लॅन्सेट आयोगाने दृष्टी कमी होणं जोखमीच्या यादीत घातलं, कान आधीपासून होतेच. पण कानाचं मशीन देऊन बघणाऱ्या अमेरिकेतल्या अचीव्ह चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांत तीन वर्षांनी बुद्धीच्या घसरणीत एकंदरीत फरक दिसला नाही. दिसला तो आधीच जास्त जोखीम असलेल्या गटात.

नेत्रपल्लवी
स्मृतिभ्रंशाचं नाव मी काढलंच नव्हतं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बहुतेकदा माणूस जागा असतानाच होते. तोंडावर कापड, सर्जनला मास्क. ‘डोळा हलवू नका’ हे ऐकूच आलं नाही तर? डोळ्यात यंत्राचं टोक चालू असताना रुग्णाने मान वळवली तर भिंगामागची पिशवी फाटू शकते. आदल्या भेटीत कुजबुज चाचणी झाली असेल तर केसपेपरवर लिहिता येतं: दुसऱ्या बाजूच्या कानातलं मशीन राहू द्या, शस्त्रक्रियेच्या बाजूचं काढा कारण पाणी ओघळतं, खांद्यावर एक थाप म्हणजे स्थिर राहा, दोन म्हणजे झालं.

शंकासूर
हे कारण पटतं. मग मागणी तेवढीच ठेवा: शस्त्रक्रियेची तारीख मिळालेले आणि एएमडीचे रुग्ण. चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या प्रत्येकाच्या कानाशी कुजबुजायला ओपीडीत माणसं नाहीत.

खालची आळी
आणि केसपेपरवर ईएनटीची चिठ्ठी जोडताना तालुक्याला ईएनटी कोणत्या वारी बसतो तेही लिहा. नाहीतर माणूस बस पकडून जातो आणि कुलूप बघून परत येतो.