विदर्भात दर्भ नाही का?

पितृपक्षात नागपूरच्या महाल भागातल्या पूजेच्या दुकानात दर्भ मागितला, तर दुकानदार हसला, "विदर्भात दर्भ मागता का जी?" आणि लगेच जुडी काढून दिली. आजीही सांगायची : ऋषीचा मुलगा दर्भ टोचून मेला, ऋषीने शाप दिला, तेव्हापासून इथे दर्भ उगवत नाही, म्हणून हा 'वि-दर्भ'. ही व्युत्पत्ती खरी मानायची का?



जुडी बाहेरगावची असेल म्हणा, पण ही गोष्ट शब्दावरून बेतलेली वाटते. 'वि' म्हणजे 'नसलेला', हे 'विमल'पुरतं ठीक. 'विख्यात', 'विशुद्ध' यांत तोच 'वि' जोर देतो. मग उद्या कोणी 'दर्भाने भरलेला' असा अर्थ काढला तर त्याला काय म्हणाल?

मला वचन महत्त्वाचं वाटतं. संस्कृतात मुलखाचं नाव बहुधा अनेकवचनी असतं : अङ्गाः, कलिङ्गाः, तसेच विदर्भाः. म्हणजे आधी लोक, मग त्यांचा देश. पुराणांतल्या यादव वंशावळीत ज्यामघाचा मुलगा विदर्भ, आणि क्रथ व कैशिक ही त्याची मुलं. म्हणून कालिदासाच्या 'रघुवंशा'त विदर्भाची राजकन्या इंदुमती हिच्या माहेरच्या लोकांना क्रथकैशिक म्हटलंय. बृहदारण्यक उपनिषदाच्या गुरुपरंपरेत 'विदर्भी कौण्डिन्य' नावाचा आचार्य येतो. गवतावरून माणसाचं नाव पडत नाही असं नाही, कुश आहेच. पण तिथून 'गवत नसलेला प्रदेश' कसा निघणार?



मग वऱ्हाड म्हणजेच विदर्भ का? पुण्यातले मित्र मला सरसकट वऱ्हाडी म्हणतात.



नाही ना भाऊ. 'आईन-इ-अकबरी'त अबुल फजल वऱ्हाडचं मूळ नाव 'वरदातट' देतो. वरदा म्हणजे आपली वर्धा नदी, तिचा काठ. व्युत्पत्ती पक्की धरा अगर धरू नका, नदी मात्र ध्यानात ठेवा. कालिदासाच्याच 'मालविकाग्निमित्र' नाटकात यज्ञसेन आणि माधवसेन या चुलतभावांत विदर्भ वाटला जातो, तेव्हा हीच वरदा हद्द ठरते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा हे वऱ्हाड नदीच्या पश्चिमेला, नागपूर पूर्वेला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला, राजधानी नागपूरच. तरी कागदोपत्री 'मध्य प्रांत व वऱ्हाड' अशी जोडनावंच चालली. दोन्ही एक असते तर 'व' कशाला लागला असता?

तेव्हा तुम्ही वैदर्भीय खरे, वऱ्हाडी नाही. भंडारा-गोंदियाकडचे तर स्वतःला झाडीपट्टीचे म्हणवतात, त्यांना वऱ्हाडी म्हणून पाहा एकदा.