मिरजेहून रेल्वेने हंपी की विजापूर?

प्रश्न : कृष्णाकाठ (सांगली)
दिवाळीनंतर मला चार दिवसांची रजा मिळणार आहे. आईने शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला, परंतु विजयनगर आणि आदिलशाहीच्या राजधान्या तिने अजून पाहिलेल्या नाहीत. तिला मोटारीचा लांबचा प्रवास सोसत नाही आणि गुडघेदुखीमुळे जिने चढवत नाहीत, म्हणून शक्य तेवढा प्रवास रेल्वेने करावयाचा आहे. हंपी, बदामी आणि विजापूर ही तिन्ही ठिकाणे चार दिवसांत बसतील का, की एकच निवडावे?

उत्तर : लोंढामार्गे
एकच निवडावे, आणि ते हंपी असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोल्हापूर–तिरुपती हरिप्रिया एक्सप्रेस मिरज, बेळगाव, हुबळी, गदग या मार्गाने थेट होसपेटला जाते, त्यामुळे आईंना कोठेही गाडी बदलावी लागणार नाही. गाडी मिरजेहून दुपारी निघत असल्यामुळे खानापूरपुढचे जंगल खिडकीतून पाहता येते. मात्र होसपेट येईपर्यंत बरीच रात्र होते, म्हणून मुक्काम तेथेच करून सकाळी रिक्षाने सुमारे १३ किलोमीटरवरील हंपी गाठावे.

विरूपाक्ष मंदिर पाहून झाल्यावर विठ्ठल मंदिराला निवांत वेळ द्यावा. तेथील दगडी रथाची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात, परंतु पंढरपूरची मूर्ती विजयनगरला नेली गेली आणि संत भानुदासांनी ती परत आणली, ही वारकरी परंपरा मनात ठेवून त्या मंडपात उभे राहणे आपल्याकडच्या माणसासाठी निराळेच असते. वाहनतळापासून मंदिरापर्यंत बॅटरीवर चालणारी गाडी मिळते. मातंग टेकडी मात्र आईंसाठी सोडून द्यावी.

उत्तर : घुमटाखाली
हंपीला माझा विरोध नाही, पण गुडघ्यांचा विचार केला तर विजापूर अधिक सोयीचे आहे. शहर सपाट आहे आणि गोलघुमट स्थानकापासून जवळ आहे. कुजबूज ऐकू येणाऱ्या सज्जात जाण्यासाठी मनोऱ्यातील जिना चढावा लागतो, तो टाळला तरी काही बिघडत नाही; १६५६ साली पूर्ण झालेला, सुमारे ४४ मीटर व्यासाचा तो घुमट मध्ये एकही खांब नसताना कसा तोलला आहे, हे खाली उभे राहूनच नीट उमगते. इब्राहिम रोजाही चुकवू नये. अडचण रेल्वेमार्गाची आहे : मिरजेहून कुर्डुवाडी, सोलापूर असा मोठा वळसा पडतो, तर जतवरून जाणारा सरळ रस्ता मोटारीचा आहे.

१५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव करणाऱ्या सुलतानांत विजापूरचा अली आदिलशहाही होता. त्यामुळे आधी हंपी आणि पुढच्या रजेत विजापूर असा क्रम ठेवल्यास इतिहासाच्या शिक्षिकेला दोन्ही बाजू ओळीने पाहता येतील.

उत्तर : चालुक्यनगरी
बदामी या वेळी वगळावी. तिसऱ्या लेण्यातील इसवी सन ५७८ चा शिलालेख त्यांना नक्की आवडेल, पण लेण्यांच्या पायऱ्या पुष्कळ आहेत आणि पट्टदकलला जोडून गेल्याशिवाय तो प्रवास पुरा होत नाही.

हंपी ठरल्यास जाण्याची आणि येण्याची तिकिटे एकदमच काढावीत, आईंसाठी खालचा बर्थ मागावा आणि गाडीच्या त्या दिवसांच्या वेळा पाहून घ्याव्यात. परतीची हरिप्रिया होसपेटला भल्या पहाटे येते, म्हणून शेवटच्या रात्रीही हंपीत न राहता स्थानकाजवळच खोली घ्यावी.