हार्ड डिस्कच्या बॅकअपला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

काका: मंडळी, घरच्या कॉम्प्युटरच्या अख्ख्या हार्ड डिस्कचा बॅकअप घ्यायचाय. विंडोज 11 आहे, आतली डिस्क 1 टीबीची, आणि त्यासाठी बाहेरची 2 टीबीची आणून ठेवली आहे. नेटवर इतकी सॉफ्टवेअर दिसतायत की काही सुधरत नाही. मॅक्रियम रिफ्लेक्ट फुकट मिळतं आणि चांगलंय असं ऐकलं, तेच टाकू का?

दादा: मॅक्रियम चांगलंच आहे काका पण फुकटवालं बंद केलं त्यांनी, जानेवारी 2024 पासून त्याला सिक्युरिटी अपडेटही नाहीत. कुठल्यातरी साइटवर जुनं पडलेलं असेल ते उचलून टाकू नका प्लीज.

आत्या: अरे कशाला एवढा खटाटोप, मी सगळं वनड्राइव्हवर ठेवते, आपोआप वर जातं.

ताई: अगं आत्या ते सिंक झालं, बॅकअप नाही. इथली फाइल उडवलीस की तिथूनही उडते, 30 दिवस रीसायकल बिनमध्ये असते आणि मग कायमची गेली. फुकट जागा पण 5 जीबीच. आणि काकांना तर विंडोजसकट सगळं हवंय.

ताई: काका, आधी हे ठरवा की नुसत्या फाइली वाचवायच्या की डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे विंडोजसकट सगळ्याची हुबेहूब प्रत. फाइलींपुरतं असेल तर विंडोजमध्येच फाइल हिस्टरी आहे, कंट्रोल पॅनलमधून चालू करायची, डॉक्युमेंट्स फोटो वगैरेंच्या जुन्या आवृत्त्यांसकट दर तासाला कॉपी ठेवते. पण डिस्कच गेली तर विंडोज पुन्हा टाका, ड्रायव्हर शोधा, तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवा, त्याच्या सेटिंग आठवा, हे सगळं आलंच. इमेज असली की नवीन डिस्कवर जसंच्या तसं परत उतरवता येतं.

काका: इमेजच हवी मग.

दादा: क्लोनझिला घ्या ना, फुकट आहे, ओपन सोर्स आहे.

ताई: क्लोनझिला मलाही आवडतं पण काकांना रोजच्यासाठी नको. पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करायचा, तेवढा वेळ काम बंद, दर वेळी पहिल्यापासून पूर्ण इमेज, आणि परत उतरवायची ती डिस्क आधीच्याएवढी किंवा मोठीच लागते. कंटाळा येतो आणि मग बॅकअप घेणंच राहून जातं. मी व्हीम एजंटची फुकट आवृत्ती घ्या म्हणेन. पहिल्यांदा सगळं घेतं, नंतर फक्त बदललेलं, त्यामुळे वेळ आणि जागा दोन्ही वाचतं. डिस्क जोडली की आपोआप सुरू हो आणि झालं की डिस्क इजेक्ट कर असंही सांगून ठेवता येतं.

वहिनी: पण मी दिवसभर एक्सेल उघडून बसलेली असते, उघड्या फाइली घेतं का ते?

ताई: घेतं वहिनी. विंडोजमध्ये शॅडो कॉपी म्हणून सोय आहे, त्या क्षणाचं चित्र गोठवून त्यावरून कॉपी होते, तुमचं काम चालू राहतं.

दादा: ते इजेक्टचं मात्र नक्की करा काका आणि वायर पण काढून ठेवा. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणारं सॉफ्टवेअर, आलं तर जोडलेली बाहेरची डिस्कही लॉक करून टाकतं.

आत्या: माझ्या मॅकला काय मग?

ताई: तुला काहीच शोधायला नको, 2007 पासून टाइम मशीन आतच आहे. बाहेरची डिस्क लाव आणि हो म्हण.

काका: व्हीम ठरलं. अजून काही?

ताई: हो, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बॅकअप घ्यायला सगळीच सॉफ्टवेअर सोपी असतात, मी निवडताना परत कसं आणता येतं ते आधी बघते. कारण डिस्क बंद पडली की विंडोज नसणार, ते सॉफ्टवेअरही नसणार, मग इमेज उघडणार कशाने? म्हणून व्हीम टाकल्या टाकल्या त्याचा रिकव्हरी पेनड्राइव्ह करा, त्यावरून कॉम्प्युटर चालू करून बघा, बाहेरची डिस्क आणि त्यातली इमेज दिसते का ते बघा, आणि बाहेर पडा, रिस्टोर दाबू नका. मग विंडोजमध्ये येऊन बॅकअपमधली एखादी फाइल काढून उघडून बघा. बॅकअपला पासवर्ड लावलात तर तो कागदावर लिहा, तो हरवला तर कोणीच काही करू शकत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर त्याची 48 आकड्यांची रिकव्हरी की पण त्याच कागदावर.

वहिनी: आणि फोटोंची अजून एक कॉपी आमच्याकडे ठेवा काका, दोन्ही डिस्क एकाच घरात नकोत.

काका: हो देतो आणून. पेनड्राइव्ह कुठलाही चालेल ना, जुना आहे एक.

ताई: चालेल, पण त्यावर काही असेल तर आधी काढून घ्या, सगळं पुसलं जातं.

काका: बघतो काय आहे त्यात. संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावतो तुला, समोर बसूनच करू.