एड रुशे: फोटोंची पुस्तकं मोठी की शब्दांची रेखाटनं?

काजळरेघ: अमेरिकन चित्रकार एड रुशेचं नाव निघालं की सगळे त्याच्या शब्दांच्या चित्रांबद्दल बोलतात. माझ्या मते त्याचं खरं काम म्हणजे फोटोंची पुस्तकं. पहिलं 'ट्वेंटीसिक्स गॅसोलीन स्टेशन्स', १९६३ सालचं. लॉस एंजेलिस ते ओक्लाहोमा सिटी या वाटेवरचे २६ पेट्रोल पंप, साधे कृष्णधवल फोटो आणि सोबत पंपाचं नि गावाचं नाव. बस्स. ना निवेदन, ना प्रस्तावना. पुस्तकाचं नाव आधी सुचलं, फोटो मागाहून काढले, असं तो स्वतः सांगतो. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या मोठ्या सरकारी ग्रंथालयानं पुस्तक नाकारलं, तेव्हा त्यानं त्या नकाराचीच जाहिरात छापली. भिंतीवरचं चित्र एकाच घरात जातं. हे पुस्तक कुणालाही विकत घेऊन हातात धरता येत होतं.

टाकवही: अजिबात पटलं नाही. ते फोटो कुणीही काढले असते. 'थर्टीफोर पार्किंग लॉट्स' या वाहनतळांच्या पुस्तकातले तर त्यानं काढलेच नाहीत, दुसऱ्या छायाचित्रकाराकडून हेलिकॉप्टरमधून काढून घेतले!

आता त्याची १९६७ पासूनची रेखाटनं बघा. बंदुकीची दारू पाण्यात भिजवून त्यातले क्षार काढून टाकायचे आणि उरलेली पूड कापसाच्या बोळ्यानं कागदावर चोळायची. ग्राफाइटपेक्षा ती दुरुस्त करायला सोपी, म्हणून त्यानं ती निवडली. 'सेल्फ' हा शब्द कागदाची पट्टी मुरडून उभी केल्यासारखा दिसतो. जवळ जाऊन पाहिलं की कळतं, अक्षर काढलेलंच नाही. तिथे कोरा कागद राखलाय, पूड आहे ती भोवतीच्या अंधारात. असा संयम हातात मुरावा लागतो. कॅमेऱ्याचं बटण दाबून तो येत नाही.

पानगळ: काजळरेघ, 'कुणालाही घेता येत होतं' हा मुद्दा आता उरलाय कुठे? पहिल्या आवृत्तीच्या ४०० प्रती, त्याही क्रमांक घातलेल्या. आज संग्रहालयात काचेखाली एक जोडपान उघडून ठेवतात. पान उलटता न येणारं पुस्तक म्हणजे भिंतीवरचं चित्रच की.

काजळरेघ: काचेबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, मलाही ते बघवत नाही. पण त्याचा दोष रुशेवर नको. क्रमांक घालणं ही चूक होती, हे त्यानं नंतर स्पष्ट सांगितलं. १९६९ च्या आवृत्तीत त्यानं ३,००० प्रती काढल्या. दुर्मीळ वस्तू करायची असती तर कशाला काढल्या असत्या?

टाकवही, संयमाचं म्हणाल तर 'एव्हरी बिल्डिंग ऑन द सनसेट स्ट्रिप' हे लॉस एंजेलिसच्या एका रस्त्यावरच्या इमारतींच्या फोटोंचं पुस्तक बघा, १९६६ चं. घडीचा कागद उलगडत गेलं की पंचवीसेक फूट लांब होतो. रस्त्याची एक बाजू वरच्या कडेला, दुसरी खालच्या कडेला उलटी, इमारतींखाली घरक्रमांक. मधे रस्ता म्हणून नुसता पांढरा कागद. तुमच्या 'सेल्फ'मधला कोरेपणा तो हाच.

आणि पार्किंगचे फोटो त्यानं काढले नाहीत हे खरं, पण बघायला तर शिकवलं. रविवारी सकाळचे रिकामे वाहनतळ, आणि जमिनीवर तेलाचे डाग. काही जागी दाट, काही जागी विरळ. लोक गाडी कुठे लावतात ते डागच सांगतात.

टाकवही: डागांचं पान पुन्हा काढून बघितलं. मान्य, मी ते भराभर उलटलं होतं. पण ते डाग गाड्यांनी पाडले, 'सेल्फ'भोवतीचा काळोख एका माणसानं हातानं चोळला. दोन्ही समोर ठेवलीत तर मी अजूनही त्या काळोखापाशीच जास्त वेळ थांबेन.