बालदमा: सेन्सरवाला पंप मागवू की मोबाइलवरच भागेल?

विक्रोळीची_आई
नमस्कार. मुलगा सात वर्षांचा, बालदमा आहे. दमा आटोक्यात ठेवणारा ब्युडेसोनाइडचा पंप सकाळ-संध्याकाळ स्पेसरमधून (पंपाला जोडायची मास्कवाली नळी), आणि दम लागला तर साल्ब्युटामॉल. सकाळचा मी देते. संध्याकाळी मी गाडीत असते, तेव्हा तो सासूबाईंकडे असतो. विचारलं की म्हणतात, "दिला गं, बहुतेक." मग रात्रभर तेच डोक्यात.

समोर कन्नमवार नगरात एका इमारतीचं पाडकाम चाललंय, खिडकीच्या गजांवर रोज पांढरा थर. हवेचं ॲप मात्र 'समाधानकारक' म्हणतं. परवा रात्री त्याच्या छातीतून शिट्टी वाजत होती, पोट वरखाली होत होतं आणि ऑक्सिमीटरवर आकडा ९७! विश्वास कशावर ठेवायचा? आता शाळेतल्या एका पालकांनी सेन्सरवाल्या पंपाचं सांगितलंय. महाग आहे, पण खरंच उपयोग असेल तर पैसे साठवून मागवेन.

चेंबूरचा_बाबा
ताई, माझी मुलगी आता अकराची, तिसऱ्या वर्षापासून पंपावर आहे. सेन्सर पंपाला बसवतात, प्रत्येक वेळी पंप दाबला की वेळेची नोंद मोबाइलवर जाते. न्यूझीलंडमध्ये ६ ते १५ वयाच्या मुलांवर याचा अभ्यास झाला, २०१५ मध्ये 'लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन'मध्ये आला. यंत्र दोन्ही गटांना दिलं होतं, पण आठवणीची घंटा एकाच गटाची चालू होती. त्या मुलांनी ८४ टक्के डोस घेतले, दुसऱ्यांनी ३०. म्हणजे काम केलं ते घंटेनं. ती सासूबाईंच्या फोनवर फुकट वाजते.

आमच्या आईच्या फोनवर सातला अभंगाचा गजर आहे. पंप दिला की ती डोस काउंटरचा, म्हणजे पंपावरच्या उरलेल्या डोसांच्या आकड्याचा, फोटो घरच्या ग्रुपवर टाकते. आकडा खाली आलेला दिसतो, कुणाला विचारावं लागत नाही, त्यामुळे वादही नाही. तुमच्या पंपाला काउंटर नसेल तर डॉक्टरांना काउंटरवाला लिहून द्यायला सांगा.

पण आकडा उतरला म्हणजे औषध छातीत गेलंच असं नाही. मुलगी लहान असताना आमच्या डॉक्टरांनी पंप देतानाचा व्हिडिओ मागवला होता. त्यात गालापाशी मास्कला बारीकशी फट दिसली, औषध तिथून निसटत होतं. अधूनमधून असा व्हिडिओ दाखवत जा.

हवेच्या ॲपचं म्हणाल तर 'समीर' या सरकारी ॲपवरचा धुळीचा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढतात, तोही मोजणी केंद्रावरच्या हवेचा. तुमच्या गजांवरची धूळ त्यात कुठून येणार? पाडकाम चालू असेपर्यंत त्या बाजूची खिडकी बंद आणि ओल्या फडक्यानं पुसणं, हेच. शिवाय फोटो काढून पालिकेकडे तक्रार करा, १९१६ वरही घेतात. २०२३ च्या नियमांप्रमाणे काम झाकणं आणि पाणी मारणं बंधनकारक आहे.

परळची_सिस्टर
बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. ऑक्सिमीटरबद्दल कळकळीनं सांगते. दम लागल्यावर मूल जोर लावून श्वास घेतं आणि बराच वेळ ऑक्सिजन टिकवून धरतं, त्यामुळे ९७ दिसत असतानाही ते थकत चाललेलं असू शकतं. मुलाकडे बघा. फासळ्यांमधली कातडी आत ओढली जातेय का? एक वाक्यही सलग बोलता येत नाहीये का? ओठ निळसर दिसतायत का? तसं असेल तर ॲप उघडत बसू नका. डॉक्टरांनी लिहून दिलंय तसं साल्ब्युटामॉल सुरू करा आणि १०८ ला फोन लावा.

मोबाइलचा मला दिसलेला सगळ्यात मोठा उपयोग सांगू? रात्रीच्या त्रासाचा व्हिडिओ. सदरा वर करून, छाती-पोट दिसेल असा, आवाजासकट अर्धा मिनिट. सकाळी ओपीडीत मूल हसत खेळत असतं, तेव्हा डॉक्टरांना तोच कामी येतो.

सेन्सरआधी साधा पीक फ्लो मीटर घ्या. त्यात जोरात फुंकलं की श्वास किती वेगानं बाहेर पडतो ते आकड्यात कळतं, सात वर्षांच्या मुलाला जमतं. बरा असतानाचा त्याचा सर्वांत चांगला आकडा लिहून ठेवा. त्याच्या ८० टक्क्यांखाली गेला तर सावध व्हायचं, ५० खाली गेला तर वाट बघत थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांकडे न्यायचं.

विक्रोळीची_आई
सासूबाईंच्या फोनवर गजर लावला. फोटो कसा टाकायचा ते नातवानंच शिकवलं. एकच राहिलं: शाळेत पंप दप्तरात ठेवू देत नाहीत, काय करू?

परळची_सिस्टर
डॉक्टरांकडून एका पानाचा लेखी आराखडा आणि पत्र घ्या. कोणता पंप, किती वेळा, कधी फोन करायचा, सगळं त्यात हवं. एक प्रत मुख्याध्यापकांना द्या, फोटो वर्गशिक्षिकेच्या मोबाइलवर पाठवा. आणि साल्ब्युटामॉलचा दुसरा पंप, स्पेसरसकट, नाव लिहून वर्गातच ठेवायला सांगा. ऑफिसच्या कुलुपात नको.