अण्णा म्हणजे नेमका कोण?

टिळकवाडीकर:
काल बेळगावात गणपत गल्लीत वडिलांबरोबर भाजीला गेलो होतो. भाजीवाली त्यांना म्हणाली, "अण्णा, मेथी ताजी हाय की." मागून माझा बारा वर्षांचा पोरगा पुढं आला, तर त्यालाही, "अण्णा, पिशवी धर." आमच्या घरात अण्णा एकच, ते म्हणजे वडील. ते पानावर बसल्याशिवाय आजही कुणी घास उचलत नाही. बाजारात या शब्दाची पार चिल्लर झालीय. दादा, काका हे आपले शब्द संपले काय?

खानापूरचा पाव्हणा:
आपले-परके करायचं तर अण्णा मुळात कानडी. अण्ण म्हणजे थोरला भाऊ, तम्म म्हणजे धाकटा. बसवण्णांच्या नावातला अण्णा तोच. तमिळनाडूत १९६७ साली मुख्यमंत्री झालेल्या अण्णादुरैंना लोक 'अण्णा' म्हणायचे, तेही भाऊ म्हणूनच. त्याचा बाप केला आपण मराठी लोकांनी. मग चुकलं कोण, ती का तुम्ही?

टिळकवाडीकर:
मूळ कुठलं का असेना. धोंडो केशव कर्वे अण्णाच होते. आपल्या गुर्लहोसूरचे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर तर अण्णासाहेब! पुढं 'साहेब' लागल्यावर भाऊ उरतो कुठं? आणि कानडीच धरायचं तर बारा वर्षांचं पोर तम्मा झालं पाहिजे, अण्णा कसं?

शहापूरची सून:
बायकांना विचारा की जरा. रात्री रिक्षात बसताना मी मुद्दाम अण्णा म्हणते. काका म्हटलं तर तिशीतला माणूस तोंड वाकडं करतो. दादा म्हटलं की मराठी म्हणून ओळखतो, मग भाड्याचं बोलणं वेगळंच होतं. अण्णाला दोन्हीकडं वाट आहे. बाकी मुंबईत दिरांकडं गेलो तेव्हा शेजारचे आमच्या ह्यांनाच 'अण्णा' म्हणायला लागले. तिथं अण्णा म्हणजे इडलीवाला. दुकानाच्या पाटीवर मराठी हवं म्हणून इथं भांडणारा माणूस, दोन दिवस नुसता धुमसत होता.

खानापूरचा पाव्हणा:
हे बेस्ट!

निपाणीकर:
धागा काढणाऱ्यांनी खुद्द वडिलांना विचारलं का, वाईट वाटलं काय म्हणून?

टिळकवाडीकर:
विचारलं. त्यांचं लक्ष मेथीच्या भावाकडं होतं, म्हणे ऐकलंच नाही. पोरगा मात्र कालपासून नावानं हाक मारली की ओ देत नाही. अण्णा म्हणा म्हणतोय. माझं मत तरीही तेच आहे.