मदत हवी आहे: दुखणे सांभाळून स्वतःची कामे स्वतः करण्याचे गणित कसे बसवावे?

नमस्कार मंडळी,

माझे वय ५२. गिरगावातील एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही, पायऱ्या ५४. अकरा वर्षांपूर्वी मला रूमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या आणि घरात ज्याला सगळे सरसकट ‘वात’ म्हणतात त्याचे, निदान झाले. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे सूज आवरणारे औषध आणि वेगळ्या दिवशी फॉलिक ॲसिड सुरू आहे, सूज बऱ्यापैकी आटोक्यात आहे आणि उपचारांबद्दल माझी काही तक्रार नाही. प्रश्न आहे तो एवढे करूनही उरणाऱ्या दुखण्याचा आणि ते सोबत घेऊन दिवस कसा निभवावा याचा.

सकाळी बोटे मोकळी व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, त्यामुळे कोमट पाण्यात हात बुडवून बसल्यावरच मी स्वयंपाकघरात पाऊल टाकते. दाराची किल्ली चिमटीत फिरत नाही म्हणून तिच्या भोकात जुन्या टूथब्रशची दांडी घट्ट बसवली आहे; आता ती मुठीत धरून फिरवता येते. डाव आणि झाऱ्याच्या दांड्यांना कापड गुंडाळून त्या जाड केल्या, कढई दोन्ही हातांनी उचलते, आणि कणिक मळणे मात्र सोडून दिले. प्रवासाचेही बरे झाले आहे. पूर्वी दादरच्या कार्यालयात जाण्यासाठी चर्नी रोडचा पूल चढायचा आणि गाडीत वरची कडी धरून लोंबकळायचे, यातच माझा निम्मा जीव जात असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगावात भुयारी मेट्रो ३ सुरू झाल्यापासून स्थानकातल्या लिफ्टने उतरून थेट दादरला पोहोचते.

खरी अडचण निराळीच आहे. ज्या दिवशी बरे वाटते त्या दिवशी मी आठवडाभराची तुंबलेली कामे काढते. परवाच्या रविवारी कपाट आवरले, पडदे धुतले, पाहुण्यांसाठी पुरण वाटले आणि पुढचे दोन दिवस चहाचा कप उचलायलाही दुसरा हात लावावा लागला. ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामे कशी जमवावीत हे शिकवणाऱ्या तज्ज्ञाने) सांगितले होते की दुखायला लागण्याची वाट न पाहता आधीच ठरवलेल्या वेळेला थांबायचे, मग त्या घडीला कितीही बरे वाटत असो. हे मला पटते. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावूनही पाहिला. पण फोडणी तडतडत असताना गजर वाजला तर गॅस बंद करून आरामखुर्चीत कोण जाऊन बसणार? आणि पूर्ण विश्रांती घेतली तर सांधे आणखी आखडतात, हेही अनुभवाने ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट सासूबाईंची. त्या ७८ वर्षांच्या आहेत आणि त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, परंतु मी दुधाची पिशवी कापायला घेतली की “राहू दे गं, मी करते” म्हणत त्या ती हातातून काढून घेतात. मला ते काम जमते, फक्त त्याला दोन मिनिटे जास्त लागतात. अशी एकेक करत सगळीच कामे हातची गेली तर उद्या ती खरोखरच जमेनाशी होतील, ही भीती त्यांना न दुखावता कशी सांगावी, हे मला उमगत नाही.

कार्यालयात आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू द्यावे असे मी सुचवले, तेव्हा दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची विचारणा झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत दीर्घकालीन वेदना हा स्वतंत्र प्रकार नाही, आणि बहुतेक सवलती ४० टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्वावर मिळतात. माझी बोटे अजून वाकडी झालेली नाहीत, त्यामुळे पाहणाऱ्याला मी ठणठणीतच दिसते.

ज्यांना संधिवात, फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखत राहण्याचा आजार), मणक्याचे किंवा असे कोणतेही जुने दुखणे आहे आणि जे तरीही नोकरी व घर दोन्ही सांभाळत आहेत, त्यांना विचारायचे आहे की कामाचे तुकडे तुम्ही प्रत्यक्षात कसे पाडता, विशेषतः स्वयंपाकाचे? बरे वाटणाऱ्या दिवशी स्वतःला आवर कसा घालता? प्रमाणपत्राशिवाय कार्यालयात कोणी सवलत मिळवली असल्यास अर्जात काय लिहिले होते? आणि घरच्यांना ‘मदत हवी तेव्हा मी मागेन’ हे कोणत्या शब्दांत सांगितले?

काढे, तेले आणि चुंबकाच्या गाद्या यांची शिफारस कृपया करू नये. नातेवाइकांच्या कृपेने त्यांचा एक खणभर साठा घरात आहे.